फुलदाण्यांचा कर्ता

वाटणी झाल्यापासून त्या दोन फुलदाण्या एका टेबलावर आल्या नव्हत्या. त्या दुपारी आल्या, आणि त्यांच्यामुळे एरवी एका टेबलाशी न बसणारी माणसंही बसली. शहराच्या संग्रहालयात काचेच्या वस्तूंचं नवं दालन उघडणार होतं. तिथं मधल्या कपाटात ही जोडी ठेवायची होती. अट एवढीच, की खालच्या कार्डावर करणाऱ्याचं नाव पाहिजे आणि ते एकच पाहिजे.

आत्याला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. वरच्या घरात ती खुर्ची तिचीच असायची, जशी खालच्या घरात पंख्याखालची. उताराच्या एकाच रस्त्यावर वर तिच्या थोरल्या भावाचं, नानाचं घर होतं आणि खाली धाकट्याचं, भाऊचं. अर्धं वर्ष ती वर राहायची, अर्धं खाली. नाना आणि भाऊ दोघंही आता नव्हते. त्यांचा काचकारखाना तर त्यांच्याही आधी बंद पडला होता. दोघांच्या मागं धडधाकट उरलं होतं ते फक्त भांडण.

वरचं घर म्हणायचं, दोन्ही फुलदाण्या नानांनी फुंकल्या. खालचं घर म्हणायचं, भाऊंनी. वाटणीत दोघांना एकेक आली, आणि आपली दुसरी समोरच्यांनी लाटली असं दोन्ही घरांतली मुलं बाराखडीबरोबर शिकली. त्या काळात तिथं असलेलं माणूस आता एकच होतं, ते म्हणजे आत्या.

आत्यानं लग्न केलं नव्हतं. बँकेत टंकलेखनिक म्हणून नोकरी केली, निवृत्त झाली, स्वतःचं घर असं काही झालं नाही. पण तिचं कधी अडलंही नाही. गुडघा दुखला की वरून गाडी यायची, खोकला झाला की खालून औषध. तिची मर्जी राखण्यात दोन्ही घरं एकमेकांवर कडी करायची. हे प्रेम आहे का, असा प्रश्न तिला कधीमधी पडायचा. मग ती स्वतःलाच सांगायची, प्रेमच आहे, फक्त त्याची बैठक फुलदाणीच्या तळाएवढी आहे. आता ती फुलदाणी कोणीतरी उचलून उलटी करणार होतं.

तिच्याकडे साक्ष होती, हे खरं. पंचाईत अशी की एक नव्हे, दोन होत्या. ती शाळेत असताना एका संध्याकाळी ती जोडी बैठकीतल्या फळीवर दिसली होती. त्याच आठवड्यात नानानं तिला बाजूला घेतलं. "आई म्हणते, भाऊनं केल्यात. पण केल्यात मी. त्याला बोलू नकोस, उगाच वाईट वाटेल त्याला." आणि लगेच पुढं भाऊनं तिला अंगणात गाठलं. "आई म्हणते, नानानं केल्यात. पण केल्यात मी. तू गप्प बस, थोरला आहे तो." दोघांपैकी एक थापा मारतोय हे तिला कळत होतं, पण कोणता ते कधी कळलं नाही. दोघंही तिचे लाडके होते, म्हणून तिनं दोघांचंही गुपित सांभाळलं. पुढं भावांची मुलं विचारायला लागली तेव्हा ती प्रत्येकाला त्याच्या बापाचं म्हणणं सांगत आली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

सकाळी तिला घ्यायला वरच्या घरातून नानाचा मुलगा आला होता. तो वकील होता, आणि घरातही त्याला सगळे वकीलच म्हणत. गाडीत तो म्हणाला, "आत्या, मला तुला काही पढवायचं नाही. तू फक्त जे पाहिलंस ते सांग. नानांना भट्टीपुढं उभं पाहिलंस ना तू?"

"पाहिलं की."

"मग झालं तर."

भट्टीपुढं तिनं दोघांनाही रोज पाहिलं होतं. पण विचारलं असेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, हे ती त्याच्याकडूनच शिकली होती.

जेवणं झाल्यावर भाऊची मुलगी आली. ती दातांची डॉक्टर. तिची फुलदाणी मागच्या सीटवर पट्टा लावून बसवली होती आणि शेजारी तिचा नवरा दोन्ही हात फुलदाणीभोवती धरून अवघडून बसला होता. या घराण्यात जावई म्हणून आल्यापासून त्याच्यावर अशीच कामं यायची. डॉक्टरीण आत आली ती थेट स्वयंपाकघरात, आत्याकडे.

"नवी कवळी टोचत नाही ना गं? आ कर बघू."

आत्यानं आ केला. डॉक्टरणीनं हिरडीवरून बोट फिरवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊंनीच केल्यात त्या. मी एवढीशी होते तेव्हा तूच सांगितलं होतंस. आठवतंय ना?"

तोंडात बोट असलेल्या माणसाला जेवढं बोलता येतं तेवढं आत्या बोलली. डॉक्टरणीनं तो होकार समजून हात धुतले.

संग्रहालयातली बाई आली तेव्हा दोन्ही पक्ष टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते. वकिलाची बायको चहाचे कप मांडत होती आणि मांडताना खालच्या घराला कानतुटका कप जाणार नाही, पण चांगलाही जाणार नाही, याचा अंदाज घेत होती. बाई चाळिशीची असावी. पायात कापडी बूट, खांद्याला मोठी झोळी, आणि बोलणं मोकळं. तिनं टेबलावर जाड टॉवेल पसरायला मागितला, त्यावर दोन्ही फुलदाण्या आडव्या ठेवल्या, पण लगेच तपासायला घेतल्या नाहीत.

वीतभर उंचीच्या, धुरकट निळ्या. तळापासून ओठापर्यंत काचेला पीळ चढत गेलेला, ओला टॉवेल पिळावा तसा. शेजारी शेजारी ठेवल्यावर त्या फार देखण्या दिसत होत्या. आत्याला त्या पहिल्या संध्याकाळची फळी आठवली.

"आधी मला कारखान्याचं सांगा," बाई म्हणाली. "काम कसं चालायचं?"

"सगळं हातानं," वकील म्हणाला. "नळीच्या टोकाला वितळलेली काच घ्यायची आणि फुंकायची."

"साचा?"

"साचा आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही," डॉक्टरीण म्हणाली. 

"कधीच नाही," वकील म्हणाला. "साचा म्हणजे बाटलीवाल्यांचं काम."

बाटलीवाले म्हणजे स्टेशनजवळचा औषधाच्या बाटल्यांचा कारखाना. या घराण्यात ती शिवीच होती. बेचव भाजी, भिकार अक्षर, दुसऱ्यांच्या घरची सून, काहीही मनातून उतरलं की ते बाटलीछाप ठरायचं. साच्याच्या मुद्द्यावर दोन्ही घरांचं एकमत झालेलं पाहून जावयानं मान वर केली. त्यानं असं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

बाईनं फुलदाणी उलटी केली. छोट्या बॅटरीचा उजेड तळावर तिरका पाडला आणि बराच वेळ बघत राहिली. मग दुसरी उलटी केली.

"जुन्या आहेत, याबद्दल शंका नको. तळाची झीज खरी आहे, ठेवून उचलून झालेली. आता हे बघा. हातानं केलेलं भांडं शेवटी सळईवर तोललेलं असतं. सळई तोडली की तळाला खूण राहते."

"आम्ही बेंबी म्हणतो तिला," डॉक्टरीण म्हणाली.

"छान शब्द आहे. तर यांना बेंबी नाही."

"घासून काढली असेल," वकील म्हणाला. "नाना फार टापटिपीचे होते."

"घासली की तिथं सपाट, गुळगुळीत चट्टा दिसतो. इथं काच घासलेलीच नाही. आणि आता इथं या, ओठाच्या खाली. या पिळाच्या कडेला बारीक तीळ दिसतो का? काचेचाच फुगवटा आहे."

सगळे वाकले. तीळ दिसला.

"आता दुसरीवर त्याच जागी बघा."

तिथंही तीळ होता. तेवढाच, त्याच पिळावर, त्याच उंचीवर. जुळ्या भावंडांनाही इतका सारखा तीळ नसतो. वकिलानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. डॉक्टरणीनं तर तिचा दात तपासायचा आरसा पर्समधून काढला आणि त्यातून बघितलं.

"फुंकणाऱ्यानं कितीही जीव ओतला तरी दोन भांड्यांवर एकच डाग एकाच जागी येत नाही," बाई म्हणाली. "तो डाग साच्यात होता. या साच्यात फुंकलेल्या आहेत. सांधा पिळाच्या आड लपवलाय, म्हणून सहसा कळत नाही. तुमच्याकडे साचा नव्हता, हे तर तुम्हीच सांगितलंत."

शेवटी जावई म्हणाला, "मग केल्या कोणी?" आणि बायकोनं बघितल्यावर कपात तोंड घातलं.

"अशा आणखी आहेत आमच्याकडे. एकीला कागदाचं लेबल शाबूत आहे. स्टेशनजवळ औषधाच्या बाटल्या करणारा कारखाना होता ना, त्यांनी मध्ये काही वर्षं दुकानांसाठी फुलदाण्याही काढल्या होत्या. सुंदर काम आहे. मला वाटतं, मधल्या कपाटात तरीही हीच जोडी ठेवावी. फक्त नाव त्यांचं घालावं लागेल."

आत्यानं खुर्चीचा हात धरला. पहिली गोष्ट तिच्या मनात आली ती ही, की आता कोणत्या घरात जायचं. नानाच्या नसतील तर वरच्या घराला तिची गरज नव्हती, भाऊच्या नसतील तर खालच्याला. एका तिळानं तिची दोन्ही छपरं उडवली होती. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती आणि ती तिला हळूहळू उमगत होती.

इकडे वकिलाचा आवाज कोर्टातल्यासारखा झाला. "तुम्ही संग्रहालयात कधीपासून आहात?"

बाईनं सांगितलं.

"म्हणजे आमचा कारखाना चालू असताना तुम्ही तो पाहिलेला नाही."

"नाही."

"एका डागावरून तुम्ही एका घराण्याचं आयुष्यभराचं काम दुसऱ्याच्या नावावर करताय."

"दोन डागांवरून," बाई म्हणाली.

"हे बघा," डॉक्टरीण मध्ये पडली, "मी रोज माणसांचे दात बघते. वेगवेगळ्या माणसांत एकसारखं व्यंग असू शकतं. वकीलसाहेब म्हणतात त्यात तथ्य आहे."

वकीलसाहेब ही एरवी त्याला टोचून मारायची हाक होती. या वेळी मात्र तिच्यातला डंख गेला होता. वकिलानं तिच्याकडे बघितलं, आणि लहानपणी दोघं एका सायकलवर डबलसीट जायचे तेव्हाच्या नावानं म्हणाला, "चिऊ, तुझ्याकडच्या फुलदाणीचा पीळ जरा मोकळा आहे असं नाही वाटत तुला?"

"वाटतं ना. आणि तुझ्याकडची ओठाला जाड आहे, दादा. एक नानाकाकांनी केली असेल आणि एक भाऊंनी."

"एकानं दुसऱ्याची पाहून केली."

"म्हणून तीळसुद्धा उतरवला."

वकिलाच्या बायकोनं डॉक्टरणीपुढचा कप उचलला आणि सोनेरी काठाचा ठेवला. ज्या तडजोडीसाठी नातेवाइकांनी पायऱ्या झिजवल्या, एका वडीलधाऱ्यानं जेवण सोडलं, ती पाच मिनिटांत चहा थंड होण्याआधी झाली. बाटलीवाल्यांचं नाव पुढं यायचाच काय तो अवकाश होता.

"आत्या," वकील म्हणाला, "आता तूच सांग यांना. दोघांनी एकेक केली. तू तिथं होतीस."

"सांग ना गं," डॉक्टरीण म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच दोन्ही घरं तिच्याकडे एकच उत्तर मागत होती. फक्त मान हलवायची होती. खिडकीजवळची खुर्ची आणि पंख्याखालची, दोन्ही तिच्या मरेपर्यंत तिच्याच राहिल्या असत्या. संग्रहालयातली बाई बॅटरी विझवून थांबली होती.

आत्यालाही हो म्हणावंसं वाटत होतं. पण मघापासून तिच्या डोळ्यांपुढं आई होती. आईनं दुकानातून ती जोडी आणली, नानाला सांगितलं भाऊनं केल्यात, भाऊला सांगितलं नानानं. दोन्ही पोरांनी ईर्ष्येला पडून हात सुधारावा म्हणून. दोघांनाही पक्कं ठाऊक होतं की आपण केलेल्या नाहीत. म्हणजे दोघांनाही आयुष्यभर वाटत राहिलं, की हे दुसऱ्याचं काम आहे.

"मी काही पाहिलं नाही," आत्या म्हणाली. "नानानं मला सांगितलं, मी केल्यात. भाऊनंही सांगितलं, मी केल्यात. दोघंही म्हणाले, दुसऱ्याला बोलू नकोस. मी नाही बोलले."

"म्हणजे काय?" डॉक्टरीण म्हणाली. "तू मला सांगितलंस..."

"तुला भाऊचं सांगितलं. याला नानाचं सांगितलं. दोघंही थापा मारत होते. आई दुकानातून आणून प्रत्येकाला म्हणाली असणार, बघ, तुझ्या भावानं केल्यात. आणि त्यांना ते खरं वाटलं. अरे, एवढं भांडले, एकमेकांचं तोंड बघितलं नाही, पण मनातून दोघंही समजत होते की दुसरा आपल्याहून चांगला कारागीर आहे. मला हे आज कळलं. त्यांना कळायला हवं होतं."

तिला वाटलं होतं, हे ऐकून या पोरांना रडू येईल.

वकिलानं डॉक्टरणीकडे बघितलं. डॉक्टरणीनं वकिलाकडे बघितलं.

"आत्या दमलीय," वकील म्हणाला.

"हल्ली होतं तिचं असं," डॉक्टरीण बाईकडे वळून म्हणाली. "परवा मला आईच्या नावानं हाक मारली."

"आमच्याकडे असताना गॅस चालू ठेवला होता," वकिलाची बायको म्हणाली.

गॅस वकिलाच्या बायकोनंच चालू ठेवला होता, पण आत्यानं ते काढलं नाही. जी साक्ष इतकी वर्षं दोन्ही घरांनी तळहातावर जपली, ती तोंडातून बाहेर पडल्यावर पाच मिनिटंही टिकली नाही. जोडी संग्रहालयाला द्यायची नाही, असं लगेच ठरलं. एक वर, एक खाली, आणि दोन्हींखाली पितळी पट्टी, त्यावर दोन्ही भावांची नावं. पट्टीवर पहिलं नाव कोणाचं, यावर थोडं अडलं. मग वकील म्हणाला, वर नाना पहिले, खाली भाऊ पहिले. डॉक्टरीण म्हणाली, "हे सुचायला आपल्याला इतकी वर्षं लागली."

"आत्याबाई इथंच राहतील आता," वकिलाची बायको म्हणाली. "या वयात वर-खाली कशाला?"

"छे, माझ्याकडे राहू दे. लक्ष द्यायला मी डॉक्टर आहे."

"लक्ष तर द्यायलाच हवं," वकील म्हणाला. "कोणीही येऊन काहीही विचारतं, आणि ती काहीही सांगत बसते."

म्हणजे छपरं उडाली नव्हती. उलट दोन्ही घरांना ती आता पूर्वीपेक्षा जास्त हवी होती, फक्त तोंड मिटलेली. आत्याला हसू आलं. ते कवळीमुळे नीट दिसलं नाही, हे बरंच झालं.

संग्रहालयातली बाई झोळी आवरून उठली. तिनं सगळ्यांचे आभार मानले. मग आत्याच्या खुर्चीजवळ आली आणि म्हणाली, "तुमच्या भावांबद्दल तुम्ही जे बोललात, ते मला पटलं."

आत्या काठीला हात घालत म्हणाली, "त्या बाकीच्या फुलदाण्या मला बघता येतील का? आत्ता?"

"आत्या, कुठं निघालीस?" डॉक्टरणीनं विचारलं.

"येते जाऊन. दमले आहे मी, जरा हवा लागेल."

दोन्ही घरांतलं कोणी उठलं नाही. पट्टी किती लांबीची करायची यावर बोलणं सुरू झालं होतं. जावई तेवढा दारापर्यंत आला. ती बाईच्या गाडीत बसताना त्यानं तिची काठी धरली आणि हळूच म्हणाला, "मला पटलं, आत्या. पण मी तिथं काय बोलणार?"

"नको बोलूस. तुला अजून बरीच वर्षं काढायचीत."

संग्रहालयाचं भांडार तळघरात होतं. लोखंडी मांडण्या, जाड पुठ्ठ्याचे खोके, थंड कोरडी हवा. बाईनं दिवा लावला आणि मधल्या फळीवरचं कापड काढलं. तिथं त्याच फुलदाण्या ओळीनं उभ्या होत्या. हिरव्या, मधाच्या रंगाच्या, जांभळट, आणि दोन धुरकट निळ्या. सगळ्यांच्या ओठाखाली तोच तीळ. एकीवर पिवळं पडलेलं लेबल होतं, बाटलीवाल्यांचं. आत्यानं ते वाचलं. मग एकेक रंग बघत गेली. आई दुकानात अशीच उभी राहिली असणार, पदराला हात पुसत, कोणता घेऊ, कोणता नको करत. मधाचा रंग आत्याला जास्त आवडला असता, पण आईनं निळा घेतला होता.

"तुम्हाला आणखी एक दाखवायचंय," बाई म्हणाली. "ही भंगारवाल्याकडून आली. तुमच्या कारखान्यातली आहे एवढं मी खात्रीनं सांगू शकते. त्या कारखान्याच्या इतर भांड्यांसारखीच काच आहे, आणि बेंबी आहे. पण कोणी केली, ते काही केल्या कळत नाही."

तिनं खोक्यातून जी काढली ती फुलदाणी म्हणावी की नाही असा प्रश्न होता. एका बाजूला कललेली, मान आखूड, काचेचे धागे वरून चिकटवून पीळ द्यायचा प्रयत्न केलेला. साच्यात सहज होणारं काम नुसत्या नळीवर करायला कोणीतरी जीव काढला होता. धागे मधूनच तुटले होते, पण वरच्या बाजूला जिथं ते जमले होते, तिथं ते केसाइतके बारीक होते आणि फार सुंदर होते.

आत्यानं ती दोन्ही हातांत घेतली आणि उजेडाकडे धरली. फळीवरच्या सगळ्यांचा पीळ एका दिशेला चढत होता, हिचा उलट.

"ही भाऊची," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तो डावखुरा होता. नळी सगळ्यांच्या उलटी फिरवायचा. त्या निळ्या जोडीचा पीळ कुठल्या बाजूचा, हे मात्र मी कधी बघितलंच नाही. नाना त्याला त्यावरून फार बोलायचा. किती केल्या आणि किती पुन्हा भट्टीत टाकल्या याला गणती नाही. आम्हाला वाटायचं, सगळ्याच वितळल्या. ही राहिलेली दिसते."

बाईचा चेहरा उजळला. "मग मधल्या कपाटात हीच ठेवते. खाली त्यांचं नाव. उद्याच तुमच्या घरी फोन करून कळवते."

तुटलेल्या धाग्यांवरून आत्यानं अंगठा फिरवला. तिकडे वरच्या घरात आता दुसरा चहा झाला असेल. चिऊ आणि दादा एकमेकांना बिस्किटं सरकवत असतील.

"नका कळवू," ती म्हणाली.

"का? हे तर खरं नाव आहे."

"म्हणून तर नको. आत्ता कुठं ती पोरं एका टेबलाशी बसलीत." तिनं फुलदाणी जपून बाईच्या हातात दिली. "मी आहे तोवर कारागीर अज्ञात असं लिहा. मी गेले की नाव घाला. मग खुशाल भांडू देत."